थंडीत फुलणारी झाडे

भाताची कापणी आटोपली, झोडणी झाली, पेंढ्याच्या गंजी रचून झाल्या, म्हणजे आमच्या मुळशी खोऱ्यात थोडे रिकामे रिकामे वाटू लागते. खाचरे मोकळी होतात, ओढे अंग चोरतात, आणि डोंगराचा हिरवा रंग उतरून तो गव्हाळ होत जातो. श्रावणभाद्रपदात ज्यांनी फुलांचे ताटवे पाहिले ते म्हणतात, "झालं, आता फुलांचे दिवस सरले. पुन्हा पावसाळ्यात बघू." श्रोतेहो, मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. माझा विषय मराठी. झाडांशी माझा संबंध काव्यातला, आणि काव्यात फुले वसंतात फुलतात. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते शास्त्र्याच्या अधिकाराने नव्हे. एका चुकीमुळे मला या विषयाकडे वळावे लागले. ती चूक माझी होती, आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाला बसला.

त्याआधी तुम्ही माझ्याबरोबर पौडहून ताम्हिणीच्या वाटेने थोडे चला. महिना मार्गशीर्ष किंवा पौष धरू. कापलेल्या खाचरात, भाताच्या धसकटांच्या मधोमध, जांभळट गुलाबी गेंद दिसतील. ही गोरखमुंडी. भात उभे असते तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. भात निघाले की खाचरातल्या उरल्या ओलीवर ती फुलते. शेजारच्या तुकड्यात त्याच ओलीवर पेरलेला हरभरा असेल, वाल असेल. वालाच्या फुलाचा वास सकाळी दव असताना घ्या, दुपारी तो राहत नाही. बांधावर काटेकोरांटी पिवळी झालेली असते. वर डोंगराच्या उतारावर रामेठ्याच्या झुडपांना पिवळे झुबके लागतात. परसात कुंद फुलतो. त्याला बाजारात भाव नाही, पण थंडीत देवाला पांढरे फूल म्हणून घरोघरी त्याचाच आधार.

संक्रांत जवळ आली की मोठी झाडे जागी होतात. काटेसावर पाने टाकून उघडी होते आणि तिच्या आडव्या फांद्यांवर लाल, मांसल पेले उमलतात. पाठोपाठ पांगारा. उतारांवर धायटी. धायटीच्या फुलांच्या लाल नळ्या तोडून त्यातला मध आम्ही लहानपणी शाळेच्या वाटेवर चोखत असू, आणि शाळेत पोहोचायला उशीर होई. वैद्य लोक तीच फुले आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी वापरतात, हे मला फार उशिरा कळले. अन् आंबा? त्याचा मोहोर थंडीतच येतो. आमच्या भागातल्या भाताला आंबेमोहोर हे नाव या मोहोराच्या वासावरूनच मिळाले आहे.

आता ती चूक.

माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, घरामागच्या सहा गुंठ्यांत दरसाल शेवंती लावत. जात झिप्री, पिवळी. पाऊस ओसरू लागला की चढाच्या, पाणी न साचणाऱ्या जागी काश्या लावायच्या, महिन्याने शेंडे खुडायचे, म्हणजे फुटवे फुटतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीची पूजा मांडणाऱ्या घरांत शेवंतीला मागणी असते. चार गुरुवारांत जो पैसा येई त्यावर तात्यांची वर्षाची वरखर्ची आणि नातीची फी भागे. 2016 साली रानडुकरांनी फार उच्छाद मांडला. एका रात्रीत अर्धे खाचर लोळवून टाकले. मी पुण्याहून गेलो होतो. शिकलेला माणूस म्हटल्यावर काहीतरी उपाय सुचवायला हवा. मी एक झगझगीत दिवा विकत आणला आणि गोठ्यापुढच्या खांबावर बसवून दिला. तो रात्रभर जळे. डुकरे खरोखरच यायची थांबली. मी स्वतःवर खूश.

भात घरात आले. दिवा मात्र कोणी काढला नाही, काढण्याचे कारणही नव्हते. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी मी गेलो तो तात्या शेवंतीच्या वाफ्यापाशी उकिडवे बसलेले. झाडे मांडीइतकी उंच, हिरवीगार, दृष्ट लागावी अशी. आणि कळी एक नाही.

"खत जास्त झालं का हो तात्या?" मी विचारले.

"आरं, खत तेच, पाणी तेच. डुकरं गेली, पर जाताना फुलंबी घिऊन गेली बघ."

मी वाफ्यातून फिरलो. खांबाजवळच्या ओळी नुसत्या पानांच्या. त्यांच्या मागच्या ओळींत कुठे कुठे बारीक, मुक्या कळ्या. आणि गोठ्याची भिंत जिथे आड येते, तेवढ्या सावलीच्या पट्ट्यात, साधारण अर्ध्या गुंठ्यात, शेवंती पिवळीधमक फुललेली. सावलीचा काठ जणू सुतळी लावून आखलेला. दिवसा त्या पट्ट्यावर इतर ओळींइतकेच ऊन पडे. फरक असेल तर तो रात्रीचाच होता. आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. म्हणाले, "आजच्या आज दिवा बंद करा." दुसऱ्या गुरुवारी दिवा बंद झाला. कळ्या धरल्या, पण फुले यायला फेब्रुवारीचा मध्य उजाडला. मार्गशीर्ष केव्हाच संपला होता. त्या वर्षी नातीची फी मी भरली. तात्या नको म्हणत होते.

सहकाऱ्यांनी मला जे समजावले ते तुम्हांला सांगतो, कारण त्यात थंडीच्या पुष्कळशा फुलांची किल्ली आहे.

अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळ अर्लिंग्टन येथे, सरकारी कृषिखात्यात गार्नर आणि अलार्ड नावाचे दोन संशोधक होते. त्यांच्यापुढे तंबाखूच्या एका वाणाचे कोडे पडले. हा वाण उन्हाळ्यात शेतात माणसाच्या डोक्यावर वाढे, पाने पुष्कळ धरी, पण फुलत नसे. फुले नाहीत म्हणजे बी नाही. तोच वाण हिवाळ्यात काचगृहात ठेवला की लहानपणीच फुले. त्यांनी उष्णता तपासली, खत तपासले, ओल तपासली. शेवटी दिवसाच्या लांबीचा संशय आला. भर उन्हाळ्यात त्यांनी काही झाडे दुपारी चारच्या सुमारास अंधाऱ्या खोपट्यात ठेवायची आणि सकाळी बाहेर काढायची असा क्रम धरला. बाहेरची झाडे वाढतच राहिली, खोपट्यातली फुलली. 1920 साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे झाड दिवस मोजते!

पण खरी मोजणी दिवसाची नसते, रात्रीची असते. 1938 साली हॅम्नर आणि बॉनर या दोघांनी ते दाखवले. कपड्यांना ज्याची काटेरी फळे चिकटतात त्या शंकेश्वराच्या तणावर त्यांनी प्रयोग केले. दिवस मधेच अंधार करून तोडला तर तणाचे काही बिघडले नाही. रात्र मात्र थोडा वेळ दिवा लावून मधेच तोडली, तर फुलणे थांबले. सलग अंधार ठराविक तासांचा मिळाला पाहिजे, अशी त्याची अट. शेवंतीचीही अट तशीच. पानांत एक रंगद्रव्य असते, ते तांबड्या प्रकाशाने एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते आणि अंधारात हळूहळू परत फिरते. त्यावरून पानाला उजेड आहे की अंधार ते कळते. आता गंमत अशी, की रात्र मोजते पान, आणि फुलायचे असते शेंड्याला. हा निरोप जातो कसा? रशियातील चैलाख्यान यांनी 1930 नंतरच्या दशकात शेवंतीवरच प्रयोग केले. पाने लांब रात्रीत ठेवली आणि शेंडा उजेडात, तरी शेंडा फुलला. पानात काहीतरी तयार होते आणि ते वर चढते, असा त्यांचा निष्कर्ष. ते 'काहीतरी' म्हणजे एक प्रथिन आहे, हे पक्के व्हायला 2007 साल उजाडावे लागले. सत्तर वर्षे एका निरोप्याचा शोध चालला होता.

तात्यांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजी झाडाला बी झोप लागतीया." शास्त्रज्ञ या वाक्यावर नाक मुरडतील, पण वाफ्यात काय करायचे ते या वाक्यातून बरोबर कळते.

आपल्याकडे दिवसरात्रीत फार मोठी तफावत नसते. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा 13 तासांहून थोडा अधिक. लंडनला हाच फरक आठ आणि साडेसोळा असा आहे. आपल्या झाडांना त्या दोन तासांच्या फरकावर ऋतू ओळखावा लागतो. जुन्या पावट्याचा वेल पाहा. कुंपणावर तो आषाढात लावा की श्रावणात, पाने कितीही माजोत, रात्री लांबल्याशिवाय तो फुलणार नाही. म्हाताऱ्या बायकांना हे ठाऊक असते. वेलाची घाई करणाऱ्या सुनेला त्या म्हणतात, "दसरा होऊ दे."

दिवस संक्रांतीपासून तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. पंचांगाच्या बाहेरचा हिशेब पाहिला तर दिवस 22 डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागतो. मग लोक चुकले काय? पुरते नाही. आपल्याकडे जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवायला उशीर उशीरच होत जातो. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. पहाटे उठून गाईम्हशींची धार काढणाऱ्या माणसाला तो संक्रांतीपर्यंत दिसणार कसा?

सगळीच झाडे रात्र मोजतात असे मात्र समजू नका. मी काही दिवस तसे समजलो आणि जो तो मला रात्र मोजताना दिसू लागला. आंब्याला रात्र किती लांब याच्याशी फारसे कर्तव्य नाही, रात्र किती गार याच्याशी आहे. पाऊस थांबून जमीन सुकत आली, पालवी जून झाली आणि गार रात्री लागल्या, की मोहोर. थंडी उशिरा पडली, की मोहोर उशिरा. मधेच ढगाळ हवा आली तर तुडतुडे आणि भुरी, हे सांगायला आंबेवाल्यांना प्राध्यापक नको. सावर, पांगारा, पळस यांची तऱ्हा आणखी निराळी. पाणी कमी होत चालले की ही झाडे पाने टाकतात आणि उघड्या फांदीवर फुलतात. पान आड नसले की पाखराला फूल लांबून दिसते. फुललेल्या सावरीखाली अर्धा तास बसा. साळुंक्या, बुलबुल, कावळे, सूर्यपक्षी, खारी, सगळ्यांची पंगत वर बसलेली असते. खाली गळलेली फुले भेकर येऊन खाते. मधमाशीचेही तेच. पावसाळी फुले संपल्यावर आणि उन्हाळी झाडे फुलण्यापूर्वी सातेरी पोळ्याला जो घास मिळतो, तो या थंडीच्या फुलांतून.

आता काचेखालच्या फुलांकडे वळू. काचगृह म्हटले की आपल्यापुढे बेंगळुरूच्या लालबागेतली 1889 सालची इमारत येते. तिथे प्रदर्शने भरतात, पिके निघत नाहीत. विलायतेत काचगृह जन्मले ते थंडीपायी. बाहेर बर्फ, आत ऊब. आपल्या मुळशीला ती गरज नाही. डिसेंबर जानेवारीत पारा पुष्कळ उतरतो, क्वचित पहाटे दहाच्या खालीही जातो, पण दुपारी ऊन चांगले पडते. मग इथल्या आणि शेजारच्या मावळातल्या शेतकऱ्यांनी ही घरे बांधली कशाला? मुख्यतः पावसाला बाहेर ठेवायला. जिथे पावसाळ्यात डोंगर दिसेनासा होतो, तिथे गुलाबाची पाकळी टिकायची कशी? काच महाग आणि जड, म्हणून लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिकचा जाड कागद ताणतात. लोक त्याला पॉलिहाऊस म्हणतात, आपणही तेच म्हणू. आत तांबडी माती, शेणखत आणि भाताचे तूस यांचे उंच वाफे, त्यावर गुलाब, जरबेरा, कार्नेशन. तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक महामंडळाने फुलशेतीसाठी वेगळी वसाहतच केली, आणि हे काम शिकवणारी संस्थाही तिथे आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दहा गुंठ्यांवर कर्ज काढून असे घर उभे केले. मुलगा पदवीधर, नोकरीच्या मागे न लागता गावी राहिला. त्याच्या वडिलांना जमीन विकायची होती. पुण्याजवळच्या जमिनीला काय भाव आहे ते तुम्ही जाणता. मुलाने चार वर्षे मागून घेतली. त्याचा गुलाब ना रात्र मोजतो ना दिवस. तो छाटणी आणि ऊब ओळखतो. फेब्रुवारीच्या 14 तारखेला परदेशात आणि आता आपल्या शहरांतही तरुण मंडळी एकमेकांना गुलाब देतात. त्या एका दिवसासाठी हा मुलगा डिसेंबरच्या मध्यास छाटणी करतो. त्यानंतर सहासात आठवडे तो हवामानाच्या बातम्या जसा ऐकतो, तशी माझी व्याख्याने त्याने कधी ऐकली नाहीत. थंडी वाढली तर फूल मागे पडते, ढग राहिले तर भुरी येते, ऊन तापले तर फूल लवकर उमलून वाया जाते. संध्याकाळी बाजूचे पडदे सोडायचे म्हणजे दिवसाची ऊब आत राहते, सकाळी गुंडाळायचे म्हणजे आतला दमटपणा निघून जातो. पडदे सोडायला एक तास उशीर झाला तर काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, एका तासाने फूल मरत नाही. पण असे दहा तास झाले की सोळा तारखेला फुलतं. सोळा तारखेचा गुलाब बैलालासुद्धा नको असतो."

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा त्याने उमललेला गुलाब काढून उकिरड्यावर टाकला. झाड थांबवता येत नाही, फूल रोज येतच राहते. मग 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूने घाट चढून आले, आणि या भागातल्या अनेक पॉलिहाऊसांप्रमाणे त्याचाही कागद फाटून गेला, दोन खांब वाकले. वडील काही बोलले नाहीत. जमिनीचा दलाल मात्र दोनदा येऊन गेला. मुलाने कागद पुन्हा घातला, आणि निम्म्या वाफ्यांत गुलाब काढून शेवंती लावली.

ही शेवंती पाहायला मी तात्यांना घेऊन गेलो. आत ओळीने दिवे टांगलेले! तात्या माझ्याकडे पाहू लागले. मुलाने समजावून सांगितले. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तो रात्री दहा ते दोन दिवे लावतो. झाडाची रात्र मधेच मोडते, त्यामुळे ते फुलत नाही, दांडा लांब होतो. बाजाराला लांब दांडा हवा असतो. दांडा पुरेसा झाला की दिवे बंद. मग सगळा वाफा एकदम कळ्या धरतो, आणि कुठल्या आठवड्यात फूल मिळेल हे आधी सांगता येते. उन्हाळ्यात रात्र लहान पडते, तेव्हा संध्याकाळी पाचलाच काळे कापड ओढायचे. तात्या सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "ह्यो तर तुझाच दिवा की रं, मास्तर. फकस्त येळेवर इझवलेला." या एका वाक्याने माझी सुटका झाली असे मी मानतो.

डोंगरावरच्या फुलांना मात्र काच नाही आणि कागदही नाही. आणि नेमक्या याच महिन्यांत आपण त्यांना आग लावतो. गवत जाळले की पुढच्या वर्षी जोमाने येते, असा समज गावोगाव आहे. राखेवर पहिले कोंब हिरवे दिसतात हे खरे. पण जळताना काय काय जळते ते पाहा. जानेवारी ते मार्च हा धायटीच्या फुलांचा काळ, रामेठ्याच्या बियांचा काळ, सावरीची रोपे पहिला उन्हाळा काढायच्या तयारीत असतात तो काळ. एक वणवा गेला की त्या उतारावर त्या सालचे बी नाही, माशीला घास नाही. दोनतीन साल ओळीने गेला तर झुडूप संपते, नुसते गवत उरते, आणि पावसाळ्यात माती ओढ्याला लागते. तीच माती धरणात येते. जंगलाला आग लावणे हा 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, पण मी या गोष्टीकडे कायद्याने पाहत नाही. आग लावणारा बहुतेक आपल्यातलाच, विडी टाकणारा, रानात वाट मोकळी करू पाहणारा, किंवा वनभोजनाची चूल न विझवता शहराकडे गेलेला असतो. ज्या गावांनी गवत वाळण्यापूर्वी डोंगराच्या पायथ्याशी जाळरेषा काढली, तिथे आग खालून वर सहजी चढत नाही. दहावीस माणसांचे दोन दिवसांचे काम आहे. हे काम पौषाच्या आत व्हावे. पुढे गवत वाळते, आणि रेषा काढता काढताच वणवा लागण्याची भीती असते.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. खर्च जवळजवळ नाही. दोन कुंड्यांत एकाच झाडाच्या काश्या लावा. भाद्रपदापासून एक कुंडी शाळेच्या व्हरांड्यात, जिथे रात्रभर दिवा जळतो तिथे ठेवा. दुसरी तिच्या शेजारीच ठेवा, पण रोज संध्याकाळी सहाला तिच्यावर पत्र्याचे पिंप किंवा मोठी बादली पालथी घाला आणि सकाळी शाळा भरताना काढा. पालथी घालण्याची आणि काढण्याची पाळी मुलांना लावून द्या. सुट्टीच्या दिवशी जवळ राहणाऱ्या मुलाने यावे. दिवाळीच्या सुट्टीतच प्रयोग बिघडतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. शेवंती नसेल तर लाल पानांचे पॉइन्सेटिया चालेल. त्याचीही रात्रीची अट अशीच आहे. जे लाल दिसते ते फूल नव्हे, रंगलेली पाने आहेत, खरी फुले मधोमध बारीक पिवळी असतात, हेही मुलांना त्यानिमित्ताने दाखवता येईल. कळी कोणत्या तारखेला दिसली ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्याच वहीत गावातल्या एका आंब्याचा पहिला मोहोर, एका सावरीचे पहिले फूल, यांच्याही तारखा दरसाल लिहिल्या, तर पाचसात वर्षांनी त्या वहीत जे दिसेल ते कुठल्याच छापील पुस्तकात मिळणार नाही.

तात्या अजून शेवंती लावतात. डुकरे अजून येतात. दिव्याला आता पत्र्याची टोपी बसवली आहे, उजेड खाचराकडे पडतो, वाफ्याकडे अंधार राहतो. तरी कार्तिक लागला की एका रात्री उठून ते वाफ्यात जातात आणि तळहात पुढे धरतात. हाताची सावली जमिनीवर पडली, तर टोपी आणखी वाकवायची.